दगडावरची तुंगा

अग्रहार, म्हैसूर
२ सप्टेंबर

चि. नव्या,
तुला पोटभर आशीर्वाद.

विसरभोळे, शाळेत असताना तू डबा विसरायचीस, छत्री विसरायचीस, एकदा ऑटोत चपला विसरून अनवाणी घरी आलीस. ते सगळं मी पोटात घातलं. पण आपल्या आज्जीला वाचता येत नाही, हे कोणी विसरतं का गं? मोबाईलवर नुसता एका दगडाचा फोटो पाठवून दिलास. ना हाक, ना बोलणं. मी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. वाटलं, पोरीने तिकडे मलेशियात, पेनांगला जमीन घेतली आणि हद्दीचा दगड दाखवतेय.

शेवटी वरच्या मजल्यावरून अन्विताला बोलावलं. तीच हे पत्र लिहून घेतेय. सांगलीची पोर, इथे कंपनीत नोकरीला, आपल्याकडे भाड्याने राहते. तिचं मराठी इतकं स्वच्छ आहे की तिच्याशी बोलताना पाय पुसून आत गेल्यासारखं वाटतं. मी 'अल्वा' म्हटलं की ती 'नाही का' लिहिते. तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, नाहीतर नव्याला वाटेल आज्जी बदलून आली.

तर तिने फोटो पाहिला आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"काय लिहिलंय गं?"

"आज्जी, तुमचं नाव आहे."

"आणि?"

"तुंगा, एवढंच. आणि खाली वारल्याचं वर्ष."

"म्हणजे मी वारले. बरं झालं कळलं. चहा ठेव."

तिने चहा ठेवला. मी प्याले. दुसरं काय करणार?

इकडचं बरं आहे. तुझ्या मामाने गोकुलमच्या योगवाल्या गोऱ्यांचं बघून डोक्यावर उभं राहायचं मनात घेतलं आणि मान धरून घेतली. आता शेजारून कोणी बोलावलं तरी सगळा देह फिरवून बघतो, रणगाड्यासारखा. मामीला हसू आवरत नाही. गणपती झाले, आता पितृपक्ष तोंडावर आलाय.

हे सगळं मी फोनवर का बोलत नाही म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलतेस. कागदावर कोणी मध्ये बोलत नाही. शाळेत हिंदी शिकलीस, तेव्हा अक्षरं तुला लागतील. एखादा शब्द अडला तर अन्विताला विचार, मला विचारू नकोस. मला हे एकदाच सांगता येईल.

मागल्या आठवड्यात तू फोनवर काय म्हणालीस, आठवतं? काकूच्या समाधीच्या दगडाला झाडाच्या मुळाने तडा गेलाय, तिचा मुलगा विजयेंद्र दसऱ्याच्या आत नवा बसवणार आहे, आणि आईवडिलांची खरी नावं त्याला कधी कळलीच नाहीत. त्याने तुला सांगितलंय, म्हैसूरला विचार, तिकडून नाव येईल ते कोरतो. मग तू म्हणालीस, "आज्जी, तुझ्या त्या काकूचं खरं नाव काय? आणि तिला आधीची एक मुलगी होती म्हणे, लहानपणीच गेलेली. तिचंही नाव तुंगा. आपल्या घरात दोन तुंगा होत्या का गं?"

मी म्हटलं दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला.

दूध उतू जात नव्हतं, नव्या. घरात दूधच नव्हतं.

तू पेनांगला नोकरीला निघालीस तेव्हा मीच तुला सांगितलं होतं, माझी एक काकू तिकडे पळून गेली होती, जमलं तर तिचा माग काढ. नावाने शोधू नकोस म्हटलं, पळालेली माणसं नाव बरोबर नेत नाहीत. हात मात्र नेतात. आपल्या दुकानात कुठलाही कपडा शिवायला घेतला की पहिला टाका पिवळ्या दोऱ्याचा घालायचे, आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असा. विठोबाचा टाका. राजवाड्याच्या बँडचे कोट असोत की कोणाचा परकर असो, तो टाका पडल्याशिवाय मशीन चालायचं नाही. म्हणून तुला सांगितलं, जुन्या टेलरांकडे ब्लाऊज शिवायला टाक आणि घरी आणून उलटा करून बघ. तू म्हणालीस, एकही धड बसला नाही, आणि जो बसला त्यातच पिवळा टाका सापडला. तेव्हा मी इकडे खूप हसले होते. मूर्ती टेलर्स. विजयेंद्राचं दुकान.

काकू नव्हती ती.

माझी आई होती.

अन्विता लिहायची थांबलीय. लिही गं बाई, पुढे आहे अजून.

आईचं नाव लक्ष्मीदेवी. माझे आजोबा खंडोजीराव, त्यांचं दुकान इथेच, आता औषधांचं दुकान झालंय तिथे. आजोबा कापायचे आणि माझा बाप शिवायचा. बापाच्या हातातला लाकडी गज कापड कमी मोजायचा आणि आईला जास्त. हे मला आठवत नाही. आत्या सांगायची, आणि तेही आईला वाईट ठरवायला. "एवढा मार खाऊन जी सुधारली नाही," असं म्हणायची. दुकानात काज करायला एक कारागीर होता, नागराज. काजाचं काम गप्प बसून करायचं असतं. गप्प बसणाऱ्या माणसाला सगळं ऐकू येतं. त्याला माडीवरचं ऐकू येत असणार.

दसऱ्याचा दिवस होता. बँडचे कोट पोचते झाले, दुकान बंद. सगळं अग्रहार हत्ती बघायला गेलेलं. आजोबांनी मला खांद्यावर घेतलं. हत्ती मला आठवतो. त्याच्या कानावर काढलेली वेल आठवते, आजोबांच्या पगडीला येणारा वास आठवतो. आईचा चेहरा आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला. त्या जागी हत्तीच येतो.

परत आलो तर घरात कोणी नव्हतं.

आजोबांनी आरडाओरडा केला नाही. पळाली म्हटलं तर दुकान गेलं, माझ्या आत्यांची लग्नं गेली. त्यांनी सांगितलं, पश्चिमवाहिनीला कावेरीत अंघोळीला उतरली आणि ओढीने गेली. प्रेत मिळालं नाही, तर शास्त्राप्रमाणे दर्भाची बाहुली करतात आणि तिलाच अग्नी देतात. तशी केली. भटजींनी नदीकाठी बसून छान गुंडाळून केली, हात, पाय, डोकं. मला कधी कोणी बाहुली दिली नव्हती. मला वाटलं, ही माझ्यासाठी. ती पेटवली तेव्हा मी असा आकांत केला की भोवतीच्या बायका रडायला लागल्या. म्हणाल्या, पोरीला आई गेलेली कळलं. मला काही कळलं नव्हतं, नव्या. मला बाहुली हवी होती.

तेव्हापासून दर अविधवा नवमीला तिचं पान. आधी आजोबांनी मांडलं, मग आत्याने, मग मी. हात धुऊन, पदर खोचून, सगळं साग्रसंगीत. तिकडे ती मशीन चालवत होती, विजयेंद्राला न्हाऊ घालत होती, आणि इकडे मी तिच्या नावाने कावळ्यांना जेवू घालत होते. अग्रहारातले कावळे सुम्मने, उगीचच, एवढे माजलेले नाहीत.

ती जिवंत असेल हे मला माहीत होतं का, असं तू विचारशील. आत्याशी भांडण झालं की आत्या म्हणायची, "पेनांगला पळालेलीची पोर." म्हणजे गाव कळलं होतं. कुठे विचारणार? आणि कोण विचारून देणार? मला शाळेत घातलं नाही. आई मराठी वाचायची, लिहायची. आजोबा म्हणाले, एकीला अक्षर आलं तेवढं पुरे. मला त्यांनी काज शिकवले, दर संध्याकाळी मांडीवर घेऊन दाणे भरवले, मी झोपेपर्यंत पाठीवरचा हात काढला नाही. मी त्यांना देवासारखं मानलं.

आता तू विजयेंद्राचं जे सांगितलंस ते. तू भराभर सांगून मोकळी झालीस, मी मात्र रोज थोडं थोडं गिळतेय. आईच्या गाठोड्यात माझा झगा होता. मला घेऊनच निघायचं ठरलं होतं. ती दारात थांबली, नागराज म्हणत राहिला गाडी जाईल, आणि आम्ही काही परत येईना. हत्ती त्या दिवशी उशिरा निघाला होता. जहाजावर नाव विचारलं तेव्हा नागराजने नरसिंहमूर्ती असं भारदस्त नाव सांगितलं. आईला काही सुचेना. ती विजयेंद्राला पुढे म्हणाली होती म्हणे, "कोणी हाक मारली की मी वळून बघेनच, असं एकच नाव होतं." ते तिने घेतलं.

तिकडे हातपाय टेकल्यावर एका दोऱ्याच्या व्यापाऱ्याबरोबर तिने निरोप पाठवला, पोरीला पाठवा, येणाऱ्या माणसाची सोय करते. उलट निरोप गेला, पोरगी देवीने गेली. देवी मला आल्या होत्या, हे खरं. गालावरचे वण तू लहानपणी बोटाने मोजायचीस. पण मी उठले. तो निरोप कोणी पाठवला असेल हे मला कोणी सांगायला नको. आमच्या घरातून निरोप पाठवणारा माणूस एकच होता. माझ्यासाठी त्याने आईला जाळलं आणि तिच्यासाठी मला. आणि संध्याकाळी मला मांडीवर घेऊन दाणे भरवले. आता मी त्यांच्या फोटोला हार घालू की नको? रोज सकाळी फुलं हातात घेते आणि उभी राहते. मामा म्हणतो, "आई, विसरलीस का काय करत होतीस ते?" मी म्हणते, हो.

एवढ्या लहान पोराचं श्राद्ध करायचं नसतं. तिथल्या पुजाऱ्यानेही सांगितलं असणार. तिने ऐकलं नाही. मी गेल्याची तिथी तिला कुठून माहीत, म्हणून दसऱ्यालाच पान मांडायची. सगळ्या घरांतून सण आणि हिच्याकडे एक छोटं पान, त्यावर तंबिट्टू. डाळ्याच्या पिठाचे गुळातले लाडू, मी लहानपणी त्यासाठी रडून घर डोक्यावर घ्यायचे म्हणे. हे मला तुझ्या फोनवरून कळलं. मी कशासाठी रडायचे हे सांगणारं इथे कोणी उरलं नव्हतं. विजयेंद्र म्हणतो, आम्हाला त्यातला एकही मिळायचा नाही, सगळे तुंगाचे. ती गेल्यावरही तो दरवर्षी मांडतो. आईने सांगितलंय म्हणून. बघ, मी इथे तिचं पान मांडत होते आणि ती तिथे माझं. जेवलं कोणीच नाही.

आता दगडाचं.

आधी मला राग आला होता. वाटलं, सांगावं, माझं नाव खरवडून काढा, मी ते अजून वापरतेय. मग मनात आलं, लक्ष्मीदेवी या नावाचं इथे काय झालं? पश्चिमवाहिनीला राख झाली त्याची, गवताबरोबर. त्या नावाने तिला मार मिळाला. तिथे सगळे तिला तुंगा म्हणूनच ओळखत होते. तर नाव आहे तसंच राहू दे. फक्त त्याच्या पुढे एक शब्द वाढवायला सांग. 'तुंगाची आई.' दुसरं काही नको. खाली बारीक अक्षरात लक्ष्मीदेवी घातलंत तर चालेल, विजयेंद्राला हवं असेल तर. अन्विता वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतेय. पाथरवटाला म्हणावं, बघून उतरव. मराठी अक्षर त्याला कळत नसलं तरी चालेल, मलाही कळत नाही.

विजयेंद्राला हे तू स्वतः जाऊन सांग, फोनवर नको. त्याला साखर आहे म्हणालीस, तर आधी जेवू दे, खुर्चीत बसव, मग सांग. म्हणावं, तुझी मोठी बहीण मेलेली नाही. तिला ऐकू कमी येतं, दात नाहीत, जीभ तेवढी शाबूत आहे. त्याच्या गालावर खळी पडते का बघून ठेव. माझ्या उजव्या गालावर पडते, आणि बापाच्या घरात ती कोणालाच नव्हती.

यंदा नवमीचं पान मी मांडणार आहे. ते खरं आहे हे ठाऊक असून, पहिल्यांदाच. मामाला अजून सांगितलेलं नाही. आधी त्याची मान सरळ होऊ दे.

अन्विताचे डोळे पुसून झाले की ती माझं नाव लिहील. तिला म्हटलं, आज पूर्ण लिही.

तुझी आज्जी,
लक्ष्मीदेवीची तुंगा

ता. क. दसऱ्याला विजयेंद्राला ते पान मांडू देऊ नकोस. कावळ्याला एक कणही घालायचा नाही. ते तंबिट्टू माझे आहेत. पत्र्याच्या डब्यात घालून इकडे पाठव. वाटेत कडक झाले तरी चालतील, दुधात भिजवून खाईन. ती करायची तसेच कर. ती कसे करायची ते मला माहीत नाही, विजयेंद्राला विचार.