आरशाच्या दोन बाजू

३ नोव्हें., सोम. (लातूर)

बाथरूम फोडून नवं करणं चाललंय. आज आरशाच्या दिव्याची जागा ठरली. म्हणजे आप्पांनी ठरवली. सासरेबुवांना आंघोळीनंतर तिथंच उभं राहून विभूती लावायची आहे. वायरिंगवाल्या सलीमभाईंनी त्यांना भिंतीशी उभं करून कपाळाच्या वर पेन्सिलीनं खूण केली. आप्पा म्हणाले, "कपाळ दिसलं की झालं." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बाकीच्या तोंडाचं काय, हे विचारलं नाही.

४ नोव्हें.

वरून उजेड पडला की डोळ्यांखाली सावली येते, हनुवटी काळी. नांदेडला लग्नाआधी चार वर्षं पार्लरात होते, तिथं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. दिवे दोन, आरशाच्या दोन्ही अंगांना, डोळ्यांच्या उंचीवर. ब्रश हातातून सुटून बारा वर्षं झाली. आपल्या घरच्या बायका लोकांची तोंडं रंगवत नाहीत, असं आप्पांनी लग्न ठरतानाच सांगितलं होतं. मी मान हलवली होती. आणि गेल्या आठवड्यात औशाच्या जुन्या मैत्रिणीला, सरोजला हो म्हणून बसले. ३०ला तिच्या मुलीचं लग्न, नवरीचा मेकअप मी करणार. घरात कुणाला माहीत नाही. आधी हात बसवायचा तो स्वतःच्याच तोंडावर, आणि आतून कडी लावता येईल अशी जागा या घरात एकच.

६ नोव्हें.

महेशना म्हटलं, बाजूला दोन दिवे बसवू या. "दोन कशाला? तोंड एकच हाय ना?" स्वतःच हसले. नवऱ्याच्या विनोदांना आता मी फक्त भाजीत मीठ कमी घालून उत्तर देते.
सोमवारी टाइल्स. एकदा त्या बसल्या की संपलं.

८ नोव्हें., शनि.

आप्पा दुकानात. सलीमभाईंना सांगितलं.
"भाभी, आप्पांना इचारलं ना?"
"हो." (खोटं.)
"मग उंची कोनाची घिऊ? त्यांची का तुमची?"
मला क्षणभर कळलंच नाही. "माझी."
भिंतीशी उभी राहिले. डोळ्यांच्या रेषेत दोन खुणा. या घरात माझं माप ब्लाउजसाठी सोडून कधी कुणी घेतलं नव्हतं. वायरसाठी भिंतीत झिरी मारायचा तो आवाज, ती धूळ, सगळं गोड वाटलं.

९ नोव्हें.

आप्पांनी पाहिलं. "हे काय?"
तोंडातून निघून गेलं, "बाजूनं उजेड असला की विभूतीचे पट्टे सरळ येतात."
भिंतीवरून हात फिरवला. मग महेशना, "सुनंला माझं लई ध्यान हाय रे."
ओरडले असते तर बरं झालं असतं. आता दिवे त्यांचे झाले.

२२ नोव्हें.

लागले दिवे! दोन्ही गाल सारखे उजळ. माझ्या तोंडावर एवढे डाग आहेत हे मलाच माहीत नव्हतं, तरी हसत उभी राहिले. ही वही आणि ब्रशचा डबा बेसिनखालच्या कप्प्यात, फिनेलमागं. तिथं कुणी हात घालत नाही.

२४ नोव्हें., सोम.

डावा डोळा झाला आणि अंधार. बटणं बाहेर! ओल्या हातानं शॉक नको म्हणून आपल्याकडं बाथरूमचा बोर्ड बाहेरच असतो. उंची, अंतर, सगळं पाहिलं, एवढंच सुचलं नाही. बाहेर आप्पा, "दिवसाढवळ्या कोन लाईट चालू ठिवलाय?" जाता-येता दिसेल ते बटण बंद करायची त्यांना सवय. आवाज दिला असता तर काय करायलीस म्हणून विचारलं असतं. मग अंधारातच तोंड धुतलं.

२६ नोव्हें.

पुन्हा तेच. सरोजचा फोन, "पोरगी तुझ्याच भरवशावर हाय गं, दुसरी कुनी बघितली न्हाई." मला रडू आलं. कसल्या भरवशावर? माझा उजेड दुसऱ्याच्या बोटावर.

२८ नोव्हें., शुक्र.

आत्ता. मोबाइलच्या उजेडात लिहिते आहे, बेसिनवर वही ठेवून.
डावी बाजू पूर्ण झाली, अगदी नवरीसारखी. तेवढ्यात बटण वाजलं. या वेळी कडी काढली. आप्पांचा हात अजून बोर्डावरच होता. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. एक डोळा रंगवलेला, एक कोरा.
म्हटलं, "आप्पा, परवा औशाला नवरी सजवायला जाणार आहे. लाईट लावा. एक बाजू राहिली."
मी आत आले, कडी लावली.
बाहेर पावलं वाजलेली नाहीत. म्हणजे तिथंच आहेत.
ब्रश डाव्या हातात धरून उभी आहे.