कपितानसाठी पुडी

लुसेना,
रविवार, ९ जून २०१९

सकाळी सातला उठलो. कुंड्यांना पाणी घातलं. अडीच वाजता दोन विहिरींच्या वेन्तात जेवलो, पाचला घरी आलो. ऊन छत्तीस अंश. वारा नाही.

प्रिय लेआन्द्रो,

सप्रेम नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? मोत्रीलची दमट हवा त्याला सोसत नाही असं फुएनसान्ता म्हणायची, आणि हवेचा गुडघ्याशी काही संबंध नसतो असं तुम्ही म्हणायचात. तेव्हा बहीणभावांचा वाद नको म्हणून हवेची आणि गुडघ्याची वेगवेगळी चौकशी करतो. पेर्ला मजेत असेल. तिच्या डोक्यावरून माझ्या वतीनं हात फिरवा. माझी तब्येत ठीक आहे. रक्तदाब एकशे चाळीस-ऐंशी. जिरेनियमच्या कुंड्या एक सोडून सगळ्या जिवंत आहेत.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो' म्हणतो (राग मानू नका, चाळीस वर्षं हेच चाललं आहे आणि मला ते सोयीचं पडतं), आणि आज जे सांगायचं आहे ते 'हो'मध्ये बसत नाही.

दोन विहिरींची वेन्ता ही काब्राच्या जुन्या रस्त्यावरची खानावळ आहे. निखाऱ्यांवरच्या जाळीपाशी मांस भाजत क्रिसान्तो उभा असतो आणि टेबलं त्याची बायको ओब्दूलिया सांभाळते. तुम्ही तिथं कधी आला नाहीत. (एकदा बेत ठरला होता. पण त्याच्या आदल्या रविवारी दुसऱ्या एका ठिकाणी तुम्ही भाजणाऱ्याच्या हातातला चिमटा काढून घेतलात आणि मीठ कधी टाकायचं ते त्याला शिकवलंत. फुएनसान्तानं मग तुम्हाला कळवलं की वेन्ता दुरुस्तीसाठी बंद आहे. ती बंद नव्हती.) आम्ही एकोणीस वर्षं दर रविवारी तिथं जाळीवरचं मिश्र ताट घ्यायचो. मेंढीच्या बरगड्या, डुकराचं खांद्याकडचं मांस, दोन तऱ्हेचे सॉसेज आणि हिरव्या मिरच्या. पाटीवर खडूनं लिहिलेलं असतं : कमीत कमी दोन माणसांसाठी. ते वाक्य मी एकोणीस वर्षं वाचत होतो आणि त्यात काही अडचण असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत मी ठरवलं की काही दिवस दुसरीकडे जेवावं, जिथं आम्हाला कोणी ओळखत नाही. पहिल्या रविवारी हायवेजवळच्या एका ठिकाणी गेलो. वेटरनं दोन मेनू ठेवले, पावाच्या दोन टोपल्या ठेवल्या आणि विचारलं, "बाईसाहेब गाडी लावतायत वाटतं?" मी 'हो' म्हणालो. (मला सवय आहे, वर लिहिलंच आहे.) तो दर दहा मिनिटांनी दारात जाऊन बघून यायचा आणि माझं समाधान करायचा, की रविवारी जागा मिळणं मुश्कीलच, गॅरेजच्या मागं बघा म्हणावं त्यांना. चाळीस मिनिटांनी त्यानं दुसऱ्या वेटरला बाईंच्या मदतीला बाहेर पाठवलं. तो उन्हात इकडेतिकडे फिरताना मला खिडकीतून दिसत होता. तेव्हा मी उठलो आणि सांगितलं की ती कंटाळून घरी गेली. दोघांनाही फार वाईट वाटलं. तिच्यासाठी म्हणून त्यांनी ऑलिव्हची बरणी दिली. ऑलिव्ह चांगले होते.

मार्चमध्ये दुसऱ्या एका ठिकाणी गेलो तर तिथं बाप्तिस्म्याची पंगत होती आणि रिकामी खुर्ची त्याच लांब टेबलाच्या टोकाला होती. बाळाच्या आईकडच्यांना मी वडलांकडचा वाटलो आणि वडलांकडच्यांना आईकडचा. मला भरपूर वाढण्यात आलं. एका बाईनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या आजोबा, एवढं काय तोंड पाडून बसलाय, पोरगी तुमच्यावरच गेलीय." मग फोटो काढला. तो फोटो कोणाच्या तरी घरात लावलेला असेल आणि मी कोण यावरून दोन घराण्यांत पुढं वाद होईल, असं समजून तिथं परत गेलो नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी पुन्हा दोन विहिरींकडे. ओब्दूलियानं सवयीनं दोन ताटल्या मांडल्या, मग एक उचलली, मग पुन्हा आणून ठेवली. मी क्रिसान्तोला म्हटलं की अर्धंच ताट पुरे. तो निखारे सारखे करत होता, त्यानं मान वर केली नाही. "अर्धी जाळी मी पेटवत नाही, मोजणीसाहेब. एवढी वर्षं लोकांची शेतं मोजलीत, आता माझं मांस मोजू नका. बसा." अर्धं ताट अर्थातच उरलं. ओब्दूलियानं न विचारता ते चंदेरी कागदात बांधलं, माझ्यासमोर ठेवलं आणि डोळे पुसत म्हणाली, "कपितानसाठी."

आता कपितानबद्दल सांगणं भाग आहे.

तुम्हा दोघांना वाढवणाऱ्या घरात उरलेलं अन्न मागणं किती कमीपणाचं होतं हे तुम्हाला माहीत आहे. शाळामास्तरची मुलगी दुसऱ्याच्या टेबलावरून पुडी नेत नाही. पण बरगड्या उरायच्या आणि फुएनसान्ताला टाकवत नसे. म्हणून पहिल्याच वर्षी एका रविवारी तिनं ओब्दूलियाला सांगितलं की घरी कुत्रा आहे. पुढची एकोणीस वर्षं सोमवारी दुपारी आम्ही कुत्र्याचं जेवण गरम करून त्यावर तळलेलं अंडं घालून खात होतो. (सोमवारचं जेवण मला रविवारच्यापेक्षा जास्त आवडायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.)

ओब्दूलियाला कुत्रे आवडतात. तिनं नाव विचारलं, रंग विचारला, स्वभाव विचारला. रंगाला हरकत नव्हती : मोठा, तपकिरी. पण स्वभावासाठी फुएनसान्ताला नमुना हवा होता आणि तिनं तुमचा घेतला. कपितान मांस अर्धवट कच्चं असेल तरच खातो. पाहुण्यांच्या बोलण्यात मध्येच भुंकतो. विजा कडाडल्या की पलंगाखाली जातो. जेवण झालं की बसल्या जागी घोरतो. दमट हवेत डावा पाय ओढतो. गाडी लागते, म्हणून त्याला वेन्तात आणता येत नाही. (हे शेवटचं तुमचं नाही, ते गरजेपुरतं घातलं.) वाईट वाटून घेऊ नका. तो तिथं सर्वांचा लाडका आहे.

दहा वर्षांपूर्वी त्याचं वय फार झालं असा हिशेब करून फुएनसान्तानं त्याला एका रविवारी मारलं. ओब्दूलिया ढसाढसा रडली. क्रिसान्तोनं टोपी काढली आणि सॉसेज करपले, जे त्याच्या हातून कधी होत नाही. आम्ही गाडीत बसलो तेव्हा पाहतो तर फुएनसान्ताही रडत होती. मी तिला आठवण करून दिली की कुत्रा नव्हता. ती म्हणाली, "गप्प बसा हो, गाडी चालवा." तीन रविवार पुडीशिवाय गेले आणि चौथ्या रविवारी दुसरा कपितान आला. स्वभाव तोच.

तर मार्चपासून ओब्दूलिया मला विचारते की कपितानला कळलं का, तो काय करतो. फुएनसान्ताबद्दल ती मला काही विचारत नाही, आणि विचारलं असतं तर मी 'हो' म्हणालो असतो. पण कुत्र्याबद्दल मी सांगत गेलो. तो जेवत नाही. ती बाजारातून यायची त्या वेळेला, अकराच्या सुमारास, दाराकडे तोंड करून पॅसेजमध्ये बसतो. तिच्या सपाता कोणी हलवलेल्या त्याला चालत नाहीत. गेल्या चार महिन्यांत मी एवढं कशाबद्दलच बोललेलो नाही. ते सगळं खरं होतं, फक्त कुत्रा नव्हता.

हे फार लांबलं. म्हणून आज मी त्याला मारायचं ठरवून गेलो. गाडीत वाक्य पाठ केलं : कपितान गेला, वय झालं होतं. जेवण झालं तशी ओब्दूलिया पुडी घेऊन आली.

"काल खाल्लं का त्यानं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? अहो, तुमच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे टाचणीनं शंखातून गोगलगाय काढण्यासारखं आहे. ती बरी, आपणहून बाहेर तरी येते."

"ओब्दूलिया," मी म्हणालो, "कपितान..."

ती मटकन खाली बसली. फुएनसान्ताच्या खुर्चीत, त्या खुर्चीत तिच्यानंतर कोणी बसलेलं नव्हतं. छातीवर हात ठेवून म्हणाली, "नको. ते सांगू नका. या वर्षी आणखी एक नको."

"...आता बरा आहे," मी म्हणालो.

मग किती बरा हेही सांगावं लागलं. क्रिसान्तो जाळी सोडून हात पुसत आला. त्याचं म्हणणं असं, की कुत्र्याला वाटतं फुएनसान्ता इथंच आहे. एकोणीस वर्षं (त्याच्या लेखी दोन्ही कुत्रे एकच) ती दर रविवारी आमच्या धुराचा वास घेऊन घरी यायची. आता वास येतो आणि ती येत नाही. "म्हणजे ती इथं राहिली असं त्याला वाटणारच. जनावर आहे ते, त्याला काय कळतं? त्याला एकदा इथं आणा. टेबल बघू दे, खुर्ची बघू दे. नाही इथं, हे कळलं की जेवायला लागेल." मी म्हणालो की त्याला गाडी लागते. तो म्हणाला, "मग चालत आणा. चार किलोमीटरला कुत्रा मरत नाही." ओब्दूलिया म्हणाली, "रविवारी नाही आणलंत तर बुधवारी वेन्ता बंद असते, मी स्वतः घरी येते बघायला." मी तिला रविवारचा शब्द दिला.

यावर तुम्ही म्हणाल की सरळ खरं सांगून टाका. त्याचा विचार केला. मी खोटा ठरलो तर मला चालेल. पण मी ते सांगितलं तर खोटी ती ठरते, आणि तिथं तिची बाजू मांडायला ती नाही. पहिल्या कपितानसाठी ओब्दूलिया रडली आहे. शिवाय त्या टेबलाशी मग मला बसता येणार नाही, आणि तिची आठवण काढणारी तेवढीच जागा आहे.

असो. तुम्हाला तसदी देण्याचा हेतू नाही. आपल्या माणसाला हकीकत कळावी, इतकंच. गुडघ्याची काळजी घ्या.

तुमचा,
अन्सेल्मो

ता. क. : पेर्ला एका रविवारपुरती द्याल का? ती पांढरी आहे, लहान आहे आणि कुत्री आहे, हे मी विचारात घेतलं आहे. दुःखानं केस पांढरे होतात. न जेवल्यानं आकार कमी होतो. तिसऱ्या मुद्द्याबाबत, ओब्दूलिया चष्मा लावत नाही आणि क्रिसान्तो फार वेळ निखारे सोडत नाही. आठवडाभर तिला 'कपितान' म्हणून हाक मारून पाहा.

ता. क. २ : पत्र वाचून पाहताना आठवलं. जानेवारीत स्मशानाच्या फाटकाशी तुम्ही माझा दंड धरून सांगत होतात की तीन राजांच्या सणाच्या दिवशी पेर्ला गेली, तुमच्या पायाशी, आणि घर आता खायला उठतं. मी 'हो' म्हणालो. मी ऐकत नव्हतो. आज वर तिच्या डोक्यावरून हात फिरवायलाही लिहिलं आहे. खोडलं तर तुम्ही उजेडात धरून वाचाल, म्हणून तसंच ठेवतो. मला माफ करा.

तेव्हा कुत्र्याशिवाय या. रविवार १६, अडीच वाजता. टेबल दोघांचं आहे, ते नेहमीच दोघांचं होतं. क्रिसान्तोला मिठाबद्दल काही सांगू नका, निदान पहिल्या तासात. डावा पाय शक्यतो ओढू नका, मांस कच्चं मागू नका आणि जेवणानंतर जागे राहा, नाहीतर ओब्दूलिया तुम्हाला ओळखेल. कुत्र्याचं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही बोला, मी 'हो' म्हणेन. पुडी दोन ठिकाणी करून मागू.

ता. क. ३ : उद्या सोमवार. पण पुडी आजच उघडली आहे. चार बरगड्या आणि एक सॉसेज. कागद पुसून, घडी करून खणात ठेवला. तवा तापला आहे, अंडं फोडतो.