ठोकळ्यांचं घर, पार्किंगसह

१९ जानेवारी, रविवार

आज पुन्हा "कळवतो"! पोहे झाले, चहा झाला, सुपारी झाली, आणि उठता उठता मुलीच्या बापानं मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. पत्र्याकडे नजर गेली की संपलं. "कळवतो" म्हणजे नाही, हे आता आमच्या शेळीलासुद्धा समजतं. पाहुणे चपला घालायला लागले की ती ओरडते.

भागवत एकतीसचा झाला. ठिबकचं दुकान चांगलं चालतंय, उसाला पाणी आहे, पोरगं सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. दोष एकच, बोलत नाही. विचारलं तर "हं", नाही विचारलं तर तेही नाही. पण हल्ली मुलगा बघायला कोण येतं? घर बघायला येतात. आमच्या घनसावंगीच्या घरात वडिलांच्या वेळच्या तीन खोल्या आणि वर पत्रे. शेजारचा प्लॉट मोकळा आहे. आम्ही म्हणतो लग्न ठरलं की बांधू, ते म्हणतात बांधलं की ठरवू. आधी कोंबडी की आधी अंडं!

आज त्यांना इंजिनिअरनं काढलेला नकाशा दाखवला. मुलीच्या मामांनी तो उलटा धरला, सेफ्टी टँकच्या गोलावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हीर चांगली हाय." 

कागदावरचं घर लोकांना दिसत नाही. समोर ठेवता येईल असं काहीतरी पाहिजे.

२१ जानेवारी, मंगळवार

जालन्याला जाऊन आलो. बसमध्ये जागा होती तरी उभाच राहिलो. जन्म कंडक्टरकीत गेला, निवृत्त झालो तरी बूड टेकत नाही.

खेळण्यांच्या दुकानात काचेमागे ते दिसलं. प्लॅस्टिकचे ठोकळे, एकमेकांत टचकन बसणारे, आणि त्यांचं केलेलं घर. खिडक्या उघडतात! दार उघडतं! आत शिरलो. दुकानदारानं विचारलं, मुलगा केवढा आहे? मी म्हटलं, एकतीस. त्यानं हातातलं खोकं परत फळीवर ठेवलं. मग मी म्हटलं सहा, सहा वर्षांचा आहे. तो म्हणाला, मग हे त्याला अवघड जाईल. मी म्हटलं, बापावर गेलाय.

खोकं खताच्या गोणीत घालून आणलं. गावात लोक काय न्यायला लागलात म्हणून विचारतातच. युरिया म्हणून सांगितलं.

२२ जानेवारी, बुधवार

पाया भरला. जेवायला उशीर झाला म्हणून हिची बोलणी खाल्ली. बांधकाम चालू असलं की असं होतंच!

२५ जानेवारी, शनिवार

तळमजला उभा राहिला. मॉडर्न म्हणजे मॉडर्न! सपाट स्लॅब, पुढे गॅलरी, प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम, ओपन किचन. खोक्यात एक लाल गाडी निघाली म्हणून पार्किंगसुद्धा केलं. आमच्याकडे गाडी नाही. पण पार्किंग रिकामं दिसलं तर लोक म्हणतील गाडी नाही, आणि पार्किंगच नसलं तर म्हणतील गाडी येणारही नाही.

तुळजाबाईंना, म्हणजे आमच्या हिला, उद्घाटनाला बोलावलं. सगळं नीट समजावलं. ओपन किचनवर गाडी अडली. "म्हंजी मी भाकऱ्या थापून राह्यले अन् पाव्हणे सोप्यावरून बघत बसणार?" मी म्हटलं, आता भाकरी सून थापील. तोंडावरून पटलेलं दिसलं नाही. जाताना देवघरासाठी एक सोनेरी ठोकळा स्वतःच्या हातानं लावून गेली. संडासाला चिकटून! मला तो हलवायची छाती झाली नाही, म्हणून संडासच हलवला.

२८ जानेवारी, मंगळवार

पांढरे ठोकळे संपले. वरचा मजला अर्धा. पुन्हा जालना.

घराचं खोकं शिल्लक नव्हतं. पोलीस स्टेशनचं होतं, तेच उचललं. ठोकळा म्हणजे ठोकळा, वर्दी काढली की झालं. पण एकावर मोठ्या अक्षरात "पोलीस" छापलंय आणि ते खरवडून निघत नाही. खिडकीखाली दुसरा बसेना, म्हणून तो आत तोंड करून लावला. आता अक्षरं बाथरूममध्ये आली. आंघोळीला कुणी फार वेळ लावणार नाही.

जेलची जाळी मात्र झकास निघाली. वरच्या बेडरूमला ग्रील म्हणून लावली.

माणसंही निघाली. पहिल्या खोक्यातला बाप्या आणि बाई म्हणजे भागवत आणि सून. दुसऱ्यातून एक पोलीस आणि एक पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनातला चोर निघाला. त्यांना नातवंडं केलं. वरच्या मजल्यावर मुलांची खोली आहे, तिथं उभी केलीत दोघं. चोर थोरला.

३१ जानेवारी, शुक्रवार

मुझफ्फरभाई येऊन घर बघून गेला. स्टँडवर त्याची काळीपिवळी जीप आहे, माझ्या बसचे प्रवासी पळवता पळवता दोस्त झाला. घराला पुढून एक दार, मागून एक दार. "दो दरवाजे कायको, बद्रीभाई?" मी म्हटलं, मागून चढायचं, पुढून उतरायचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बस बांधलीय. खिडक्यासुद्धा सगळ्या एका रांगेत! आता मोडायला वेळ नाही. हवा चांगली खेळेल.

ही दुपारभर मागे लागली होती. खाट कुठं, खाट कुठं, आन् माझी लोखंडी पेटी कुठं. मी म्हटलं, आधी सोफ्याचं ठरू दे.

३ फेब्रुवारी, सोमवार

सोमेश्वर आला. आमच्या पंचक्रोशीतली लग्नं हाच जुळवतो. घराभोवती दोन चकरा मारल्या, वाकून दारातून आत पाहिलं आणि म्हणाला, घर खरं असतं तर मीच माझी पोरगी दिली असती. शहागडचं स्थळ आणलंय. मुलगी आकांक्षा, बीएस्सी झालेली, वडिलांचं हायवेला टायरचं दुकान. रविवारी येणार, आणि मुलगी स्वतः येणार! घर मी बघणार म्हणाली म्हणे.

सोमेश्वरनं बजावलं की आजकालच्या पोरींना सुटसुटीत घर लागतं, अडगळ नको. मी म्हटलं, अडगळ दाखव यात कुठं आहे. त्याला सापडली नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेळीनं अंगणातलं झाड खाल्लं. प्लॅस्टिकचं होतं. तिला काही झालं नाही, अंगण मात्र उघडं पडलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

रंगीत तालीम. कारखान्याला जाणारा उसाचा ट्रॅक्टर दारावरून गेला, दोन ट्रेलरचा, आणि गॅलरी कोसळली. पुन्हा बांधली. उद्या काही बोलायचं सुचलं नाही तर काय? हे स्थळ हातचं जाऊ नये, दुसरं काही मागणं नाही. पोरगं तोंडानं सांगत नाही, पण प्रत्येक "कळवतो"नंतर दोन दिवस दुकानातच जेवतं.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

मुलगी, वडील, काका आणि एक आत्या अशी चौघं आली. आत्याबाईंनी बसता बसता चहाची बशी गच्चीवर टेकवली. स्लॅब धरून राहिला! मला आतून उकळ्या फुटल्या. काकांनी मजला उचलून आत बघितलं आणि परत ठेवताना उलटा ठेवला, नातवंडं डोक्यावर उभी. तेही निस्तरलं. मग मी उभा राहिलो आणि सुरू झालो. हे पुढचं दार, हे मागचं, हा हॉल, हे ओपन किचन, ही पाव्हण्यांची खोली, वर नवरा-बायकोची, ही मुलांची, प्रत्येकाला ज्याची त्याची जागा, कुणी उभं राहणार नाही! आवाज असा लागला होता की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. मुलीचे वडील मान डोलवत होते. पत्र्याकडे एकदाही पाहिलं नाही. एकदाही!

भागवत कोपऱ्यात होता. तोही पहिल्यांदाच नीट बघत होता, घराकडे का मुलीकडे ते माहीत नाही.

मुलगी टेबलापाशी वाकून एकेक खोली बघत होती. बाथरूममधला "पोलीस" तिला सापडला, हसली. मग तिनं विचारलं, "काका, तुमची आणि काकूंची खोली कोणती?"

मी बघितलं. खाली बघितलं, वर बघितलं. नव्हती! दोन खोकी, दोन मजले, पाव्हण्यांना खोली, गाडीला खोली, जन्माला न आलेल्या चोराला खोली, आणि आम्हाला नाही. एवढे दिवस रोज बघतोय आणि मला दिसलंच नाही!

काहीतरी बोलणं भाग होतं. बोट जिथं गेलं तिथं ठेवलं. म्हटलं, ही.

बोट पार्किंगवर होतं.

ती म्हणाली, "इथं तर गाडी आहे."

आणि मी, बद्रीनाथ, शहाणा माणूस, म्हणालो, "गाडी रात्री बाहेरच आसती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आत्याबाईंनी बशी गच्चीवरून उचलली. वडील हिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. जाताना "कळवतो" म्हणाले. शेळी ओरडली.

१० फेब्रुवारी, सोमवार

भागवत दुकानातच जेवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गावभर झालंय! सोमेश्वरचा फोन आला. म्हणाला, अडगळ नको म्हटलं होतं, पण म्हातारा-म्हातारीला गाडीखाली घाला असं न्हाई म्हटलं. लोक म्हणतील पोरगं आई-बापाला बाहेर काढणारं दिसतंय, उद्या बायकोला काय बघणार? त्याचं खरं आहे. वाईट याचं वाटतं की दोष पोराच्या माथी बसला. त्यानं तर एक ठोकळासुद्धा लावला नव्हता.

स्टँडवर मुझफ्फरभाईनं जीपचं मागचं दार उघडून धरलं. "आव बद्रीभाई, सोने का टाइम हो गया." सगळी जीप हसली. मीही हसलो, करतो काय!

पोरीचाही राग आला. भलती चौकस! एवढं घर, एवढ्या खिडक्या, आणि नेमकं नाही तेच विचारायचं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खोली घुसवायचा प्रयत्न केला. इकडची भिंत काढली की तिकडचा जिना पडतो. ठोकळाही शिल्लक नाही. नाद सोडला. घर चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवून दिलं. शहागडहून काही नाही.

ही शेंगा फोडत बसली होती. तिला विचारलं, तुला तर दिसलं असेल, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "खाट कुठं म्हणून किती डाव इचारलं? तुमची खोडच हाय ती. समद्यांला बसवायचं अन् आपण दांड्याला धरून हुबं ऱ्हायचं. तुम्ही हुबे म्हणून मंग मी बी हुबी."

मीही शेंगा फोडू लागलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भागवत जेवायला घरी आला. दोन भाकरी खाल्ल्या. वर ताक मागितलं! हिनं माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे. विचारायची सोय नाही, "हं" म्हणेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उठलो तर घर टेबलावर. चादर घडी घालून बाजूला. पार्किंग नाही! तिथं खोली. पाव्हण्यांच्या खोलीच्या भिंती मोडून बांधलेली, एक बाजू पांढरी, एक निळी, आणि खिडकीला जेलची जाळी. आत खाट. खाटेवर दोन माणसं झोपवलेली, पोलीस आणि चोर. लाल गाडी बाहेर रस्त्यावर.

भागवत चहा घेऊन उभा होता. म्हणाला, "आकांक्षानं सांगितलं तसं बसवलं."

कुठं सांगितलं? फोनवर. कधीपासून बोलून राह्यले तुम्ही? तर म्हणे, त्या रविवारपासूनच, दुकानात बसून, आणि आज तिचे वडील सोमेश्वरला सांगणार आहेत, तारीख काढा म्हणून. मी वेड्यासारखं विचारलं, "अरे पण हे दोघं नातवंडं होते!"

"नातवंडांचं मंग बघू म्हणली."

हिला हाक मारली. ही पदराला हात पुसत आली, वाकून बघत राहिली. मग हिनं विचारलं, ह्यातला चोर कोण? पोलीस खाटेवर भिंतीकडच्या अंगाला झोपवलाय, आणि भिंतीकडे रोज हीच झोपते, तेव्हा चोर मीच. म्हणजे न बोलणारं पोरगं सगळं बघत असतं. गाडी बाहेर उन्हात आहे. असू दे.