चावडीतल्या रेडिओचे मानकरी

मु. ब्राह्मणपुरी, ता. शहादा, पश्चिम खानदेश
पौष वद्य ४, शके १८६४

तीर्थस्वरूप चुडामणमामांच्या चरणी भाचा लोटन याचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, फक्त गावचा रेडिओ आजारी असतो, आणि त्याच्या दुखण्याविषयीच हे पत्र आहे. सुंदरमामींचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला मागच्या बाजाराला शहाद्याहून धाडला होता, तो पोचला की वाटेत कुणाच्या बकरीने खाल्ला ते कळवावे. आमच्या घरात कमलबाईचा खोकला थांबला. तिचं बोलणं चालू आहे. कापूस वेचून झाला, हरभरा बरा आहे, आणि आपण दसऱ्याला धाडलेली छत्री मी अजून जपून ठेवली आहे, कारण ती उघडली की मिटत नाही.

आता मूळ मुद्दा. सोबत एक अर्ज जोडला आहे. आपण कलेक्टर कचेरीत खेड्यांच्या रेडिओच्या टेबलावर बसता, म्हणून तो आपल्या हातून साहेबापुढे गेला तर बरं. अर्जाचा मथितार्थ एवढाच की ब्राह्मणपुरीच्या सरकारी रेडिओची किल्ली पाटलाकडून काढून गावातल्या एखाद्या निःस्वार्थी, मराठी सातवी पास, शांत स्वभावाच्या आणि दारात उंच झाड असलेल्या इसमाकडे द्यावी. नाव मी घातलेलं नाही. माझ्या तोंडाने माझं नाव घेणं बरं दिसत नाही. (गावात सातवी पास दोघेच, आणि दुसऱ्याच्या दारात एरंड आहे.)

हा अर्ज मी का केला ते पहिल्यापासून सांगतो. दसऱ्यानंतर रेडिओ आला तेव्हा आपल्या कचेरीतला जो माणूस तो बसवायला आला होता, त्याने आम्हाला चावडीत भाषण दिलं, की हा रेडिओ सगळ्या जनतेचा आहे. मग त्याने तो लाकडी पेटीत घातला, पेटीला कुलूप लावलं, काटा मुंबईवर आणून लाखेने बंद केला (दुसऱ्या कुठल्या मुलखाचा आवाज जनतेच्या कानाला बाधू नये म्हणून) आणि किल्ली हिंमतराव पाटलाच्या हातात देऊन तो जेवायला पाटलाकडेच गेला. तेव्हापासून जनता कुलपाकडे बघते आहे. रेडिओवर काय लागतं म्हणाल तर लढाई. आपली फौज रोज जिंकते आणि रोज थोडी मागे सरकते. (हे वाक्य साहेबांना वाचून दाखवू नये.)

आता आपल्याला आपला गाव माहीत आहे. इथे मानाशिवाय पान हलत नाही. पोळ्याला पाटलाचा बैल वेशीतून गेल्याखेरीज दुसऱ्याचा बैल पाऊल उचलत नाही, आणि होळीला पाटलाच्या हातची चूड लागेपर्यंत लाकडं थंड पडून असतात, मग पाटील झोपलेला का असेना. तोच कायदा रेडिओला लागला. किल्ली हा पाटलाचा मान झाला. बॅटरी दर आठवड्याला शहाद्याला भीकमचंद शेठच्या कापसाच्या जिनच्या इंजिनावर भरून येते, म्हणून बॅटरी हा शेठचा मान झाला. ती शेठच्या घरी, गादीशेजारी, फडक्याखाली असते. राहिली हवेतली तार. तिचं एक टोक चावडीवरच्या बांबूला आणि दुसरं माझ्या दारातल्या कडुलिंबाला. त्या कचेरीच्या माणसाने स्वतः सांगितलं की उंच तार नसेल तर पेटी नुसती पेटी आहे. म्हणजे न्यायाने बघता तिसरा मान माझा. पण पहिल्या दिवशी नारळ फुटला तेव्हा पाटलाला टिळा लागला, शेठला लागला, आणि मी गर्दीत मागे उभा, कपाळ कोरडं. मी काही बोललो नाही. माझा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. (कमलबाई म्हणते, ठाऊक आहे म्हणूनच मामा इकडे येत नाहीत. तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये.)

चौथी गोष्ट म्हणजे जमिनीतली तार. ती चावडीच्या मागच्या खड्ड्यात पुरलेली आहे आणि तो खड्डा रोज ओला ठेवावा लागतो, नाहीतर आवाज खरखरतो. हा मान कुणी मागितला नाही, कारण त्यात पाणी वाहावं लागतं. चावडीला लागून धनुबाई गिरासेचं घर आहे. ती विधवा, एकच मुलगा रूपसिंग, तो फौजेत मोटार चालवायला गेलेला, सध्या मिसर देशात, म्हणजे साहेबांच्या इजिप्तात. कुणी न सांगता ती रोज सांजेला एक कळशी आणून त्या खड्ड्यात ओतते आणि भिंतीबाहेर ओट्यावर बसून ऐकते. लढाईची बातमी म्हणजे तिच्या लेखी मुलाची बातमी.

मानाच्या या कारभारात रेडिओ कसा चालला असेल त्याचा अंदाज आपण करा. पाटील जेवून, पान लावून येईपर्यंत निम्म्या बातम्या संपलेल्या. मग पाटील म्हणायचे, पहिल्यापासून लावा. ते होत नाही म्हटल्यावर त्यांना मुंबईवाल्यांचा राग आला, आणि ब्राह्मणपुरीचे पाटील स्थानापन्न झाल्याखेरीज बातम्या सुरू करू नयेत असा अर्ज त्यांनी केला. (तो आपल्या टेबलावर आला असेल. अक्षर माझं आहे, मजकूर पाटलांचा.) शेठची तऱ्हा निराळी. त्यांना फक्त कापसाचा भाव लागतो. भाव ऐकून झाला की ते म्हणतात, बॅटरी दमली, बैलालाही विसावा लागतो, आणि तारा काढून ती काखेत मारून घरी नेतात. कोकिळेसारखी बाई गात असली तरी मध्येच काढतात. तिचं गाणं मुंबईत पुरं होतं आणि आमच्याकडे अर्धं राहतं.

अशात मार्गशीर्षात रूपसिंगाचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. फौजेतल्या काही जणांना घरच्यांशी दोन शब्द रेडिओवर बोलायला मिळणार होते, त्यात त्याच्या पलटणीतून त्याची चिठ्ठी निघाली. त्याचा आवाज तबकडीवर भरून मुंबईला गेला आहे आणि पौष वद्य प्रतिपदेच्या सांजेला साडेसहा वाजता लागेल, असं त्याने लिहिलं होतं. धनुबाईने ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. अडीच वर्षं तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता, मामा. तारीख चुकू नये म्हणून तिने भिंतीवर गेरूने रेघा मारल्या आणि रोज एक पुसत गेली.

त्या दिवशी तिने चावडी सारवली. घरातल्या शेंगा भाजून गुळाबरोबर सगळ्यांना वाटायला आणल्या. खड्ड्यात एकाऐवजी तीन कळशा ओतल्या. सहा वाजताच सगळा गाव गोळा झाला, बाया ओट्यावर, बाप्ये आत. सगळं होतं, फक्त रेडिओ उघडलेला नव्हता. पाटील किल्ली घेऊन बसले होते, पण बॅटरी आल्याशिवाय कुलूप उघडणं त्यांच्या मानाला शोभत नव्हतं. रिकामी पेटी उघडून काय दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. शेठ बॅटरी घेऊन घरात बसले होते, पण पाटलांनी माणूस धाडल्याशिवाय निघणं त्यांच्या मानाला शोभत नव्हतं. कोतवाल गेला. शेठने विचारलं, पेटी उघडली का? कोतवाल परत आला. पाटलांनी विचारलं, बॅटरी निघाली का? कोतवालाने अशा तीन फेऱ्या मारल्या आणि चौथ्या वेळी तो मधल्या पारावर बसून राहिला. शाळेच्या घड्याळात साडेसहा वाजून गेले.

तेव्हा धनुबाई उठून चावडीच्या उंबऱ्यात आली. बाई त्या उंबऱ्यात आलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ती ओरडली नाही, पदर सावरून एवढंच म्हणाली, "मन्हा आंडोर तठे बोली ऱ्हायना, आनी तुम्ही आठे मान मोजी ऱ्हायनात."

मामा, पोरगा तिकडे बोलत होता आणि आम्ही इथे मान मोजत होतो. पाटलांनी कुलूप उघडलं. पाटलांच्या पुतण्याने धावत जाऊन बॅटरी उचलून आणली, मागून शेठ धोतराचा सोगा धरून आले. तारा जोडल्या, खुंटी फिरवली, आणि पेटीतून नुसता भाकरी भाजल्यासारखा आवाज. बघतो तर लिंबावरची तार सुटून खाली लोंबत होती. माकडांचं काम असावं. इथे मात्र मला सांगायला संकोच वाटत नाही, की सबंध गाव एकमेकांकडे बघत असताना मी एकटा धावलो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, धोतर खोचून, लिंबावर चढलो, ढोपर सोलून घेतलं आणि तार बांधली. खालून लगेच आवाज उमटला. मुंबईची बाई गोड शब्दांत म्हणाली की आपण आतापर्यंत आपल्या जवानांचे निरोप ऐकलेत. नंतर सतार लागली.

शेठनेही बॅटरी काढली नाही. धनुबाई सरळ आत आली, पेटीसमोर बसली आणि पेटीशी बोलायला लागली. म्हैस व्यायली, पारडी झाली, हे सांगितलं. विहिरीला पाणी आहे, बांधावरचा आंबा मोहरला आहे, मावशीची उमरावबाई उन्हाळ्यात उजवायची आहे, तू आल्याशिवाय हळद लावायची नाही असं मी सांगून ठेवलं आहे, हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुन्हा आवाज माले ऐकू नही उना. पन मन्हा तुले ऐकू उना व्हई." मग आमच्याकडे वळून तिने विचारलं, माझं बोलणं त्याला पोचलं का? हा डबा नुसता बोलतो, ऐकत नाही, हे सगळ्या चावडीला माहीत होतं. कुणाची सांगायची छाती झाली नाही. हिंमतराव पाटील खाली बघून म्हणाले, पोचलं. मग तिने सगळ्यांना शेंगा आणि गूळ वाटला आणि आम्ही तो खाल्ला.

तर मामा, आता आपणच सांगा, अशा मानापमानाच्या चिखलात सरकारी वस्तू ठेवावी काय? मुंबईहून येणारा वारा काही पाटलाच्या सातबाऱ्यावर लिहिलेला नाही आणि शेठच्या गोदामातला माल नाही. म्हणून किल्ली निःस्वार्थी इसमाकडे द्यावी अशी माझी, म्हणजे जनतेची, मागणी आहे. मामींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. चुकलंमाकलं पोटात घालावे.

आपला आज्ञाधारक भाचा
लोटन

ता. क. अर्ज साहेबापुढे ठेवण्याची घाई करू नये. त्यापेक्षा सोबतचा दुसरा कागद बघावा. धनुबाई पेटीशी जे बोलली ते मी त्याच सांजेला आठवेल तसं उतरून ठेवलं आहे. पारडीपासून हळदीपर्यंत सगळं आहे. त्याखाली रूपसिंगाचा नंबर आणि पलटण आहे. फौजेच्या डाकेने तो त्याला पोचेल असं करावं. आणि कचेरीच्या कागदावर मुंबईला लिहून ती तबकडी पुन्हा एकदा लावता येते का ते विचारावं. धनुबाई रोज विचारते, जबाब कधी येणार. मी म्हणतो, मिसर लांब आहे.

ता. क. दुसरा. माकडांविषयी वर लिहिलं आहे ते खोडावे. यंदा आपल्याकडे माकडं उतरलेलीच नाहीत. त्या दिवशी सकाळी पाटलांनी कोतवालाकरवी सगळ्या मानकऱ्यांना बोलावणं धाडलं आणि मला धाडलं नाही. विचारलं तर म्हणाले म्हणे, झाडाला कसलं बोलावणं. मग दुपारी मी लिंबावर चढून तार सोडली. थोडा वेळ पेटी मुकी राहील, पाटील स्वतः माझ्या दारात येतील, मग बांधू, एवढंच मनात होतं. पुढे पाटील आणि शेठ यांची गंमत बघता बघता मी ते विसरलो. ढोपर सोललं ते सोडताना, बांधताना नाही. वरचं पत्र लिहून झाल्यावर कमलबाईला हे कळलं, तेव्हापासून दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. आपल्याला सांगितल्याशिवाय जेवण जाईना म्हणून लिहिलं. धनुबाईला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सांजेला ती नेहमीसारखी कळशी घेऊन आली आणि खड्ड्यात पाणी ओतून गेली. मी घरात बसून राहिलो.

ता. क. तिसरा. अर्ज फाडून टाकावा. किल्ली माझ्याकडे दिली तर काय होईल ते आपण आताच वाचलंत. ती धनुबाईकडे द्यावी, असा नवा अर्ज करावा म्हणून मी काल धीर करून तिच्या ओट्याशी गेलो आणि विचारलं, किल्ली सांभाळशील का? ती कळशी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "किल्ली कसाले जोये? उघडंच ऱ्हाऊ द्या." किल्लीच नको, हे अर्जात कसं लिहायचं ते मला सुचत नाही. आपण सरकारी माणूस, आपणच बघावे.