उद्घाटनाअभावी अडलेल्या पूरसूचनेबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
नदीकाठ सूचना कक्ष, सांगली.

विषय : उद्घाटन झाले नसले तरी मौजे मळीवाडीची पूरसूचना संकेतस्थळावर प्रसिद्ध करणेबाबत.
संदर्भ : आज दुपारी दूरध्वनीवर मिळालेला आपला तोंडी आदेश, ‘लेखी द्या.’

महोदय,

१. अर्जदार राजमती सुकुमार चौगुले, राहणार कुपवाड, कक्षाचे संकेतस्थळ सांभाळते. ते ज्या मुक्त-स्रोत प्रणालीवर चालते तिचा गाभा, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर, जुनाट झाल्याने, आपल्या आदेशावरून अर्जदाराने नवा बसवला. पूर्वी कोणीही कर्मचारी सूचना टाकू शकत असे. नव्या रचनेत आपण स्वतः मंजुरीचे बटण दाबल्याशिवाय एक अक्षर बाहेर पडत नाही.

२. नव्या संकेतस्थळाच्या उद्घाटनाआधी त्या बटणाला हात लावणे बरे नव्हे, असे आपले मत पडले. तोवर संकेतस्थळावर आपल्या छायाचित्रासह ‘लवकरच आपल्या सेवेत’ एवढाच फलक आहे. प्रमुख पाहुणे कराडहून यायचे होते. रस्त्यावर पुराचे पाणी आल्याने ते आले नाहीत. म्हणजे पुरामुळे उद्घाटन अडले आणि उद्घाटनामुळे पुराची सूचना अडली, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणून देण्यात येत आहे.

३. मळीवाडीत पाणी शिरायला आता फार वेळ नाही. मागच्या पुरात मोबाईलवरच्या अफवांनी गाव उगाच सैरावैरा पळाले होते. म्हणून अर्जदाराने दूध संकलन केंद्रावर उभे राहून सगळ्यांना बजावले होते, की संकेतस्थळावर येईल तेच खरे. गावाने ते मनावर घेतले. अर्जदाराची आई सुंदरी तिथेच राहते. लेकीने फोनवर हातापाया पडून निघायला सांगितले, तर ती म्हणाली, “साईटवर आलं न्हाई, म्हंजे पाणी येत न्हाई. तूच सांगितलंयस नव्हं? म्हशी सोडून कुठं जाऊ?” अर्जदाराचा जीव टांगणीला लागला आहे. असे अर्जात लिहीत नाहीत, हे तिला ठाऊक आहे.

४. आपला फोन आता लागत नाही. सबब, अर्जदार नवा गाभा काढून जुना पुन्हा बसवत आहे, म्हणजे मंजुरीच्या बटणाविना सूचना टाकता येईल. त्यात आपला फलक छायाचित्रासह पुसला जाईल. होणारी कारवाई मान्य आहे. गावासाठीची सूचना रीतसर लिहिली आहे. फक्त पहिली ओळ शासकीय नमुन्यात बसत नाही : ‘आई, म्हशींची दावी काप आणि ऊठ.’ ती काढून टाकण्यास अर्जदार तयार आहे, मात्र आई शाळेच्या माडीवर पोहोचल्याचा निरोप आल्यावर.

आपली नम्र, परंतु तूर्त आज्ञेबाहेर,
राजमती सु. चौगुले
कुपवाड, दि. २० ऑगस्ट २०२५

सोबत : सूचनेची प्रत, पहिल्या ओळीसह.