कपाळावरचा दिवा

१० नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. विमान म्हणजे चार खुर्च्यांची पत्र्याची पेटी, पण पायलटने नदीकाठच्या बर्फावर अलगद टेकवलं. घ्यायला गस्टी वासिली आला होता. पलीकडच्या तीरावर, इथून चौदा मैलांवर त्याचं गाव. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, तोंडात सतत सुक्या सॅमन माशाचा तुकडा. माझं सामान बर्फगाडीमागच्या घसरगाडीवर चढवताना एक खोकं खुळखुळलं, तर म्हणतो कसा, म्हातारबुवा, बाटल्या आणल्यात वाटतं. मी म्हटलं, दिवे आहेत. तीन खोकी भरून दिवे ऐकल्यावर तो इतका हसला की तुकडा पडता पडता राहिला. तेव्हापासून मी त्याच्यासाठी दिवेवाले.

हा मासे डब्यात भरायचा कारखाना उन्हाळ्यात दीडशे माणसांचा असतो आणि हिवाळ्यात एकाचा. यंदाचा तो एक मी, एप्रिलपर्यंत. छपरांवरचं बर्फ लोटायचं, सगळ्या इमारतींतून दिवसाला दोन फेऱ्या मारायच्या, संध्याकाळी सहाला वायरलेसवर गस्टीला खुशाली कळवायची. शेगडी उत्तम आहे, गादी जाड आहे. अँकरेज शहरातल्या दुकानात एकोणीस वर्षं दिव्यांच्या काउंटरमागे उभा राहिलो, तिथे पायांना एवढा आराम कधी मिळाला नव्हता. छान वाटतंय खरंच.

१३ नोव्हेंबर

दिवे टेबलावर मांडले. दुकानाची सवय, दुसरं काय. खिशातली टॉर्च बोटाएवढी, बटण मागच्या टोकाला, म्हणजे जाड हातमोज्यातही दाबता येतं. पहिल्या दाबाला मंद उजेड हवा. गिऱ्हाइकाला भगभगीत आवडतो, पण अंधाराला सरावलेले डोळे एका झटक्यात आंधळे होतात हे त्याला कोण सांगणार. कपाळाचे दिवे दोन. बंदुकीच्या नळीखाली एक. इथे पिसाळलेले कोल्हे येतात, म्हणून बंदूक दिलेली आहे. तो नळीखालचा दिवा बघण्यासाठी नसतो. आधी हातातल्या टॉर्चने बघायचं, काय आहे ते ठरवायचं, आणि मारायचंच असेल तर नळीखालचा लावायचा. कारण जिकडे तो दिवा तिकडे नळीचं तोंड. एकोणीस वर्षांत हे मी हजारेक लोकांना घोकवलं असेल.

आता खरं लिहून टाकतो. गेल्या हिवाळ्यात ही नोकरी माझ्या वेसची होती. माझा एकुलता एक, एकतीस वर्षांचा. निघताना मी त्याला दुकानातला सगळ्यात झगझगीत हेडलॅम्प दिला, चार्जिंगचा. बाप दिवेवाला आणि पोराला देताना खोक्यावरचा उजेडाचा आकडा बघून भुलला. चार्जिंगचा सेल कडाक्याच्या थंडीत अचानक मान टाकतो. साधे लिथियमचे सेल द्यायला हवे होते, नाहीतर सेल कोटाच्या आत आणि वायर कपाळापर्यंत असला दिवा. माहीत होतं मला. बर्फगाडी बंद पडल्यावर वेस नदीच्या बर्फावरून गावाकडे चालत निघाला होता. गस्टीने गावातून त्याचा दिवा येताना पाहिला, असं पोलिसांनी मला कळवलं. मग तो दिवा विझला, एकदम, फुंकर मारल्यासारखा. वेस सापडला नाही. म्हणून मी इथे आलोय. कारखान्यात सांगितलं की निवृत्तीनंतर शांतता हवी होती.

२७ नोव्हेंबर

गस्टी मूसचं, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या सांबराचं, मटण घेऊन आला आणि जेवायला थांबला. माझ्या हातचं सूप खाऊन म्हणाला, दिवेवाले, तुम्ही दिवेच विका. चार तास नुसतं बडबडत होता, आणि मला त्याने उठूच नये असं वाटत होतं. तिन्हीसांजेला निघताना बाहेर मी माझा दिवा त्याच्या तोंडावर मारला तर जरा चिडलाच. म्हणाला, आमच्याकडे बर्फावर माणूस भेटला की आधी कपाळाचा दिवा हाताने खाली झुकवायचा. दिव्यामागचा चेहरा दिसत नसतो, समोरच्याला कळायला नको का आपण कोण ते? मी विचारलं, आणि कुणी नाही झुकवला तर? तर आपण घरात जायचं आणि दार लावायचं, म्हणाला, आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागला. जाताना बजावून गेला की तीन दिवस वायरलेसवर आवाज आला नाही तर तो स्वतः बघायला येईल.

६ डिसेंबर

साडेचारला अंधार पडला आणि पलीकडच्या तीराजवळ एक दिवा दिसला. पांढरा, माणसाच्या उंचीवर, जागच्या जागी. सहाला गस्टीला विचारलं. गावातून कुणीच बाहेर नाही म्हणाला. मग म्हणाला, दिवेवाले, त्याला खुणा करू नका.

मी आधीच केल्या होत्या. टॉर्चने तीनदा. त्याला हे सांगितलं नाही.

९ डिसेंबर

दिवा नदीच्या मध्यावर आलाय. सकाळी उजाडल्यावर जाऊन बघितलं, पाऊलखूण नाही. बर्फ कोरं. भीती वाटायला हवी, मला कळतं. पण संध्याकाळी मी टेबलावर दुसरी ताटली मांडली. कुणी बघायला नाही, मग लाज कसली. तो उजेड मी ओळखतो. किंचित निळसर, कडा धारदार. असले दिवे मी खोक्यातून शेकड्याने काढलेत. आणि तो पेटलेला आहे. विझलेला नाही.

१२ डिसेंबर

वादळ. वायरलेसची तार बर्फाच्या ओझ्याने तुटली. जोडायला छपरावर चढलो, हात बधिर झाले, जमलं नाही. वारा इतका की स्वतःचा खोकला ऐकू येत नाही.

दिवा धक्क्याच्या टोकाला. कारखान्याच्या धक्क्याच्या.

१४ डिसेंबर

आज धक्क्यावर गेलो. तीस पावलांवर तो. मी माझा दिवा झुकवला, चेहरा दाखवला, वेस म्हणून हाक मारली. बाबा आलाय म्हटलं. दोनदा. त्याचा दिवा झुकला नाही.

मग टॉर्च मारली. खांबावर मारली तर खांब दिसतो, दोरावर मारली तर दोर दिसतो. दिव्याच्या खाली मारली तर मागची नदी दिसते. खाली काहीच नाही. कपाळाच्या उंचीवर नुसता दिवा.

धावत आलो. दार लावलं. माझा मुलगा असेल तर मी त्याच्या तोंडावर दार लावलं.

१५ डिसेंबर

पहाटेपर्यंत खिडकीशी होता. पडद्यातून उजेड. सेल संपत नाही त्याचा.

बाहेर गेलो नाही. फेऱ्या नाहीत. आज कोणता वार — वायरलेस बंद होऊन किती दिवस झाले ते आठवायचा प्रयत्न केला — दोन, की चार —

१६ डिसेंबर

पाचचा सुमार. नदीकडून चढून येतोय. आज थांबत नाही. आज हलतोय, खालीवर, माणूस चालतो तसा. वाऱ्यात काहीतरी आवाज. बंदूक मांडीवर —

१६ डिसेंबर, सात वाजता

मी गोळी झाडली.

दार उघडलं तेव्हा तो वीस पावलांवर. टॉर्च खिशात होती. मी काढली नाही. नळीखालचा दिवा लावला, उडणाऱ्या बर्फात सगळं पांढरं झालं, त्याच्या दिव्याशिवाय काहीही दिसेना, आणि मी त्या दिव्यावर झाडली.

तो पडला. पडल्याचा आवाज आला.

गस्टी. गाडी काठाखाली ठेवून चालत वर आला होता, त्या वाऱ्यात मला ती ऐकूच आली नाही. पिशवीत वायरलेसची नवी तार आणि एक पाव. उजवा हात कपाळापाशी होता. तो दिवा झुकवत होता. मला चेहरा दाखवत होता.

१७ डिसेंबर

कारखान्याची मासेमारीची जाळी ठेवतात त्या माळ्यावर ठेवलंय त्याला. माझं पांघरूण घातलं. त्याचा दिवा मी स्वतः बंद केला, सेल काढून खिशात ठेवले. त्याची बर्फगाडी काठाखाली आहे. गावात जाऊन सांगायला हवं. त्याची बायको वाट बघत असेल. उद्या जाईन.

साडेचार. नदीवर दिवे. दोन.

१८ डिसेंबर

गेलो नाही. बूट घातले, काढले, घातले.

दोघं शेजारी शेजारी उभे आहेत. माझ्याकडे येत नाहीत. बोलत असावेत. गस्टी गप्प बसणारा नाही. हे लिहिताना हसू आलं आणि मग रडू आलं. गस्टी, मला माफ कर. पोरा, तूही. मी तुझ्यासाठी आलो होतो आणि दुसऱ्याच्या घरातला कर्ता माणूस मारला.

१९ डिसेंबर

खोलीतले सगळे दिवे विझवले. शेगडीसुद्धा. त्यांना वाटू नये की मी नेम धरून बसलोय. खिडकीतून बघतोय.

आता नदीवर एकच आहे. दुसरा दिसत नाही. विझला असेल. किंवा —

अंधारात चाचपडत वही उघडली होती. आता अक्षरं दिसतायत. माझ्या हाताची सावली पानावर पडली आहे. उजेड मागून येतोय, अगदी जवळून, दार मी आतून लावलं होतं.

वळलो तर उजेडच दिसेल. चेहरा दिसणार नाही. झुकव ना दिवा, एकदाच. वेस असशील तर बस इथे, बेटा, जाऊ नकोस. आणि गस्टी असशील तर मी