तुझं ते 'यप'

प्रिय बोक्या,

फोन बंद करून मामाकडे जाऊन बसलास, म्हणून मला पेन धरावं लागलं. अक्षराला हसू नकोस, खांद्याच्या पट्ट्या सुटल्यात पण हात अजून कुरकुरतो. तुझा पत्ता मागायला तुझ्या घरी गेलो होतो. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दारातच रडायला लागल्या. म्हटलं, काकू, मी जिवंत आहे हो, भुताला कोण चहा विचारतं? तर म्हणाल्या, मी कुठे विचारलाय! मग डोळे पुसत केला बिचारीने.

गॅरेजात आता तुझ्या 'यप'वर बंदी आहे. मेस्त्रींचं फर्मान, जो म्हणेल त्याने सगळ्यांची हत्यारं रॉकेलने धुवायची. परवा स्वतःच म्हणाले आणि स्वतःच फडकं घेऊन बसले. कोणी हसलं नाही पण.

कसला शब्द आणला होतास रे त्या मोबाइलच्या गेममधून! पाना दे, यप. जेवलास का, यप. सगळ्यांच्या तोंडी बसला. मी मेस्त्रींना पटवलं की इंग्रजीत मोठ्या माणसांना आदराने 'हो' म्हणायचं तर 'यप' म्हणतात. त्या मुख्याध्यापिका बाईंनी गाडी झाली का विचारलं, तर मेस्त्री हात जोडून, कमरेत वाकून म्हणाले, यप! बाईंनी चष्म्यावरून असं बघितलं की मी डिकीत तोंड घातलं. मग त्यांनीच सांगितलं, मेस्त्री, अर्थ 'हो'च आहे, पण हा दोस्तादोस्तांतला 'हो'. काम चालू असताना, मान वर न करता टाकायचा. साहेबाला, गिऱ्हाइकाला असं म्हणू नये.

मान वर न करता. बोक्या, तेच झालं ना?

आपल्याकडची जुनी रीत तुला माहितीय. गाडी जॅकवर चढली की खाली आधाराला लोखंडी घोडी लावायची, तिच्यावर पान्याने दोनदा वाजवायचं आणि मोठ्याने 'घोडी लावली' म्हणायचं. तो आवाज आल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही. 'यप' आला आणि ते वाजवणं कधी बंद पडलं कोणालाच कळलं नाही. त्या दिवशी मेस्त्रींनी विचारलं, घोडी लावली का? तू दुसऱ्या चाकाच्या नटाशी झटत होतास. म्हणालास, यप. मी फळीवर पडलो आणि सरकलो आत.

तू खोटं बोलला नाहीस, हे मला माहितीय. तू बोललाच नव्हतास, नुसतं तोंड हललं होतं. गाडी धाडकन पडली असं लोकांना वाटतं. तसं नव्हतं. जॅक बसत गेला, हळू, अगदी हळू. मला वाटलं मीच वर चाललोय. मग सायलेन्सर खांद्यावर टेकला आणि हाड मोडल्याचं आतून ऐकू आलं. मेस्त्री काढलेलं चाक नेहमी गाडीखाली ढकलून ठेवतात, त्याच्यावर ती अडली म्हणून हे लिहितोय. मला तिथून फक्त तुझे बूट दिसत होते. बाकी सगळे ओरडत होते, तुझे बूट पळाले नाहीत. तूच घोडी ओढून आणलीस, तूच जॅक मारलास. मला बाहेर काढलंस आणि हातही न धुता निघून गेलास.

इथपर्यंत वाचून वाटेल, हा मला माफ करायला बसलाय. गप रे. माझं काम वेगळंच आहे.

मी कामावर परत आलोय. पहिल्याच दिवशी मेस्त्री म्हणाले, कार्ट्या, खाली जा, नाहीतर भीती बसेल. घोडी त्यांनी स्वतः लावली, स्वतः वाजवली. मी कमरेपर्यंत गेलो आणि श्वासच बंद झाला. बाहेर येऊन म्हटलं, पाना विसरलो. दुसऱ्या वेळी मेल्याचं नाटक केलं, जीभ बाहेर काढून पडलो. सगळे पोट धरून हसले. माझी पँट घामाने भिजली होती. मेस्त्री तेवढे हसले नाहीत. सोमवारी परत बघू म्हणाले. दुसऱ्या कोणाचाही आवाज मला पुरत नाही. ज्याच्या 'यप'वर ती गाडी माझ्यावर बसली, तो आता तीनतीनदा वाकून तपासेल, आणि असा माणूस एकच आहे. सोमवारी शटर उघडायच्या आधी ये, घोडी तू वाजव आणि वर उभा राहा. तू नाही आलास तर मी हे काम सोडतोय. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मी मजेत आहे.

तुझाच,
कार्टा